धारेची आठ मिनिटं

“काका, थांबा! बटन दाबू नका.”

गहिनीनाथांचं बोट बटनावर टेकलेलंच होतं. शुक्रवारची सकाळ, सहा चाळीस. घोडेगावच्या टॉवरखालच्या पत्र्याच्या केबिनमध्ये ते खुर्चीच्या कडेला बसले होते. समोर लॅपटॉप, आणि कानाशी धरलेल्या फोनवर पुण्याच्या ऑफिसातल्या स्नेहल मॅडम. दर शुक्रवारी याच वेळेला हे बटन दाबायचं, अडकलेल्या लाईनी एका झटक्यात सोडवायच्या आणि मग टपरीवर जाऊन निवांत चहा घ्यायचा, हा त्यांचा सात-आठ महिन्यांचा नेम. नेम कसला, अभिमानच म्हणा की! आपण आहोत म्हणून बाजारचे फोन चालतात, असं ते चारचौघांत सांगतही असत.

“मॅडम, तीसमधल्या सव्वीस लाईनी भरल्यात. त्यातल्या निम्म्या नुसत्या अडकल्यात. न्हाई दाबलं तर बाजारातली मानसं माज्या नावानं शिमगा करत्याल.”

“दाबल्यावर त्या किती वेळ मोकळ्या राहतात?”

“मंजी?”

“मागच्या शुक्रवारचे आकडे माझ्यासमोर आहेत. सहा चाळीसला तुम्ही सगळं बंद करून चालू केलंत. सहा बेचाळीसला चोवीस लाईनी परत भरल्या. काका, अडकलेली लाईन सोडवली, तर ती मोकळी राहायला हवी ना? ह्या तर कुणीतरी लगेच परत धरतंय.”

गहिनीनाथांनी बोट बटनावरून उचललं. छत्तीस वर्षांची नोकरी. आधी खांबावर चढून तारा जोडल्या, मग टॉवर आले तेव्हा टॉवरवर चढले, आणि ही सत्तावीस वर्षांची पोर पुण्यात बसून त्यांना विचारत होती ते अगदी शाळकरी पोरानं विचारावं इतकं साधं होतं. आपल्याला हे सुचलं कसं नाही?

पडद्यावर तीस चौकोन होते. टॉवरचं बाजाराकडे तोंड असलेलं जे अंग, त्याला चार कार्डं. चार कार्डांवर एका वेळी तीस जणांनी बोलावं. एकतिसावा आला की त्याच्या फोनवर ‘नेटवर्क बिझी’. लाईन रिकामी असली की चौकोन पांढरा, बोलणं चालू असलं की हिरवा. आणि लाईन धरली आहे, पण बोलण्याचा आवाज कुठूनच नाही, अशी असली की करडा. शुक्रवारी सकाळी सहा ते सात या तासात तेरा-चौदा चौकोन करडे पडायचे. आठ-आठ मिनिटं करडेच. कुणी बोलत नाही, कुणी ठेवत नाही. याला बिघाड म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? गहिनीनाथांनी आपलं बिघाड म्हणून टाकलं होतं, आणि वहीत तसं लिहूनही ठेवलं होतं.

“खाली जाऊन बघून या,” मॅडम म्हणाल्या. “पडद्यात नाही दिसायचं हे.”

जनावरांचा बाजार केबिनपासून हाकेच्या अंतरावर. गहिनीनाथ चपला सरकवून निघाले. टेम्पोतून म्हशी उतरत होत्या, पेंढ्यांचे भारे सुटत होते, दोन दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करत तोंडाने मात्र हवापाण्याच्या गप्पा मारत होते. या गलक्यात मुकी लाईन कुठे शोधायची? ते म्हशींच्या दावणीच्या बाजूला वळले, आणि चार पावलांवर जागीच थबकले.

एका जाफराबादी म्हशीची धार काढणं चाललं होतं. विकणाऱ्याचा गडी गुडघ्यांत बादली धरून बसला होता. आणि त्याच्या शेजारी, पंचेचाळीसएक वर्षांचा एक माणूस उकिडवा बसून आपला बटनांचा फोन बादलीच्या काठाशी धरून होता. कानाला नाही, बादलीला!

“काय ओ पावनं, ह्ये काय चाललंय?”

“श्श!” त्या माणसाने डोळे वटारले. “आई ऐकतीया.”

गहिनीनाथांनी मान उचलून दावणीभर नजर टाकली. पलीकडे एक, त्याच्या पलीकडे आणखी एक. लांबच्या लांब रांगेत जिथे जिथे धार चालू होती, तिथे तिथे कुणी ना कुणी असाच वाकून बसलेला, फोन बादलीशी धरलेला, तोंडातून चकार शब्द नाही. गहिनीनाथांनी मोजले. तेरा. त्यांचे करडे चौकोन इथे ओळीने उकिडवे बसले होते.

धार संपली. त्या माणसाने फोन कानाला लावला, “बरं, बरं” केलं आणि विकणाऱ्याला हाताने नाही म्हणून सांगितलं. मग तो गहिनीनाथांकडे वळला. नाव छगन, मिरजगावकडचा. दुधाचा धंदा, घरी नऊ म्हशी.

“रागावू नगा, तवा बोलता येत न्हाई. माजी आई, साळूबाई. चाळीस वर्सं ह्या बाजारात म्हशी पारखल्या तिनं. आता डोळं गेलं, गुडघं गेलं, पर कान हाय. धार बादलीत कशी वाजती त्यावर सांगती, कुठल्या सडाचं दूद बारीक हाय, कुठलं सड अधू हाय. आन दोन येळंचं दूद काढल्याबिगर कास तटवून आनली आसंल, तर त्येबी सांगती. तटवल्याली म्हस भसाभसा दूद देती आन शेवटाला एकदम तुटती. डोळ्याला न्हाई कळत ते. कानाला कळतं.”

“आन ही बाकीची?”

“कुनाचा बाप, कुनाचा चुलता, कुनाची आज्जी. ज्याच्या घरात जानतं मानूस खाटंवर हाय, त्यो फोन लावून बसतो. दुसऱ्या कंपनीची रेंज हितं खळग्यात टिकत न्हाई, म्हून समद्यांची ह्याच टावरवर गर्दी.” छगन उठून गुडघे झटकू लागला. “आज नशीब म्हनायचं. फोन तुटला न्हाई.”

गहिनीनाथांनी विचारलं, “रोज तुटतो?”

“दर शुक्रवारी! सा-चाळीस झालं की गेलाच. बाकीची परत लावत्यात, त्यांच्या घरची समजून घेत्यात. पर आमची आई!” छगनने कपाळाला हात लावला. “फोन तुटला की टुंई वाजतं ना, तिला वाटतं ती टुंई तिच्या कानातली हाय. दोन म्हैन्यांमागं एक म्हस घेतली, धार निम्म्यात आसताना तुटला. इकणारा थांबंना, मी आपली घेतली. घरी आनून बगतो तर चौथं सड अधू. आई म्हनली, माजा कान गेला. दोन दिस जेवली न्हाई. आता कुनाशी धड बोलत न्हाई, भाकरीसुदीक मागून घेत न्हाई. मी लाख सांगतो, आये, फोनच तुटला हुता. तिला वाटतं, ल्योक समजूत घालतोय. म्हनली, आनखी एक म्हस बगू. त्यात चुकले तर मला परत फोन लावायचा न्हाई.”

यावर बोलायला हवं होतं. गहिनीनाथांनी तोंड उघडलंही होतं. पण काय सांगायचं? की बाबा, तो फोन मीच तोडतो, वर चहा पितो? त्यांनी नुसतंच “आसं व्हय” म्हटलं आणि मान खाली घालून केबिनकडे निघाले. स्वतःचीच चीड आली त्यांना. वहीत ‘बिघाड दूर केला’ असं तीसेक वेळा लिहिलेलं होतं, ते दिसू नये म्हणून आत येताच त्यांनी वही पालथी घातली.

मॅडमना फोनवर त्यांनी सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “काका, हे कुठल्याच पुस्तकात नाही हो.” आणि लगेच आवाज पडला त्यांचा. “पण एक अडचण आहे. तुमचं चौथं कार्ड सुप्याला न्यायचं ठरलंय. तिकडे कारखान्यांच्या पाळ्या सुटतात तेव्हा फोन लागत नाहीत, त्यांचंही खोटं नाही. तुमच्याकडचा आठवड्याचा हिशेब सरासरीने धरला तर तीन कार्डं पुरून उरतात. आणि शुक्रवारचं जे जास्तीचं दिसतं, ते वरच्यांनी बिघाड म्हणून सोडून दिलंय. तुमच्याच वहीवरून.”

घ्या! म्हणजे तिथेही आपणच.

“आता काय करायचं?”

“पुढच्या शुक्रवारी चाचणी आहे. सहा ते सात एक कार्ड मी इथून बंद ठेवणार. त्या तासात तुम्ही बाजारात उभं राहून शंभर फोन लावा, दर अर्ध्या मिनिटाला एक. लागला की लगेच ठेवा. किती अडले ते लिहा. त्याआधी गणित करून ठेवा, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की आकडा पाहून गणित केलं. तक्ता आहे ना तुमच्याकडे?”

तक्ता होता. कधीकाळी प्रशिक्षणाला दिलेला, घडीवर फाटलेला, केबिनच्या दाराला आतून चिकटवलेला. गहिनीनाथ त्याच्याकडे वर्षानुवर्षं नुसते बघत आले होते. संध्याकाळी तो त्यांनी अलगद उचकटून घरी आणला आणि पडवीत चटईवर पसरला. शेजारी मुक्ताबाई, त्यांची बायको, शेंगा फोडत बसल्या होत्या.

“कसला नकाशा त्यो?”

“नकाशा न्हाई. शंबर वर्सांमागं तिकडं डेन्मार्क देशात टेलिफोन कंपनीत एक मानूस हुता, त्यानं मांडल्यालं गनित हाय. बग, आपल्याकडं पंगत बसती का न्हाई? तीस पानं मांडल्यात. लोक कवाबी येनार, कुनी कुनाला इचारून येत न्हाई. कुनी दोन घास खाऊन उठतो, कुनी तासभर बसतो. आन ह्या पंगतीत आसं हाय की पान रिकामं नसलं तर मानूस थांबत न्हाई, उपाशी माघारी जातो. तर शंबरात किती उपाशी जात्याल, त्ये हे गनित सांगतं.”

“आन तो कदी आपल्याकडं जेवायला आल्ता का?” मुक्ताबाईंनी विचारलं.

गहिनीनाथ हसले. मग पेन्सिल ओली करून बसले. मॅडमनी दिलेला आकडा, तासाला चारशे फोन. त्यातले तीनशे साधे, दीड-दीड मिनिटाचे. शंभर धारेचे, आठ-आठ मिनिटांचे. सगळं मिळून साडेबाराशे मिनिटं एका तासात बसवायची. म्हणजे कुठल्याही क्षणी सरासरी एकवीसएक लाईनी धरलेल्या. एकवीस माणसं आणि तीन कार्डांची बावीस पानं, तर मग चाललं की, असं कुणालाही वाटावं. पण लोक काय रांगेने येतात थोडेच? तक्त्यातल्या घरांवरून त्यांचं बोट हळूहळू सरकलं. चार कार्डं, तीस लाईनी: शंभरात एक अडेल. तीन कार्डं, बावीस लाईनी: शंभरात बारा.

त्यांनी ते पुन्हा केलं. पुन्हा बाराच.

“बारा,” ते म्हणाले. “त्या बाबानं घोडेगाव बगितलं न्हाई, म्हस बगितली न्हाई. आन शुक्रवारी आपल्या बाजारात शंबरात बारा जनांचा फोन लागनार न्हाई, ह्ये त्याला ठावं.”

“ते बारा कोन?”

“ते गनिताला ठावं न्हाई.”

मुक्ताबाई शेंग फोडता फोडता थांबल्या. “मंग ते तुमी बगा,” त्या म्हणाल्या, आणि सूप उचलून आत गेल्या.

पुढच्या शुक्रवारी सहाच्या ठोक्याला गहिनीनाथ दावणीच्या टोकाला उभे होते. डाव्या हातात वही, उजव्या हातात फोन. ऑफिसच्या एका नंबरावर फोन लावायचा. लागला की बरोबरची खूण, अडला की फुली. चहाही नव्हता घेतला. पहिले सात लागले. आठवा, टुक टुक टुक, नेटवर्क बिझी. त्यांनी पहिली फुली मारली. मग पुन्हा काही लागले, मग एकापाठोपाठ दोन अडले. कुठलाच क्रम नव्हता त्याला, कुणी झोपेत दाणे टाकावेत तसं. आणि तरी चाळीस फोन झाले तेव्हा फुल्या पाच होत्या. पन्नासला सहा. गणिताने सांगितलेल्या वाटेनेच चाललं होतं सगळं. भोवती हजार माणसं आपापल्या घाईत, कुणाला कुणाची खबर नाही, आणि तरी त्या फाटक्या तक्त्यातल्या एका घरात सगळी गपगुमान बसलेली. गहिनीनाथांना क्षणभर त्या गर्दीकडे बघून हात जोडावेसे वाटले. देवळात सुद्धा त्यांना असं क्वचितच वाटलं होतं.

त्रेसष्ट फोन झाले. आठ फुल्या. घड्याळात सहा बत्तीस.

तेवढ्यात ओळखीचा आवाज आला. “आये, लाग की गं!”

छगन होता. दहा हातांवर, एका काळ्याभोर म्हशीशेजारी उकिडवा बसून फोनची बटनं दाबत होता. टुक टुक टुक. पुन्हा दाबली. टुक टुक टुक. रेडकू बाजूला ओढलं होतं, म्हैस पान्हावली होती, सडांतून थेंब गळायला लागले होते.

“ओ मालक, एक मिनिट थांबा.”

“आरं, पान्हा काय तुज्या फोनसाठी थांबतो व्हय?” म्हशीचा मालक करवादला. “घ्यायची आसंल तर घे, न्हाईतर हो बाजूला. गिऱ्हाईक लई हायती.”

गड्याने बादली गुडघ्यांत घेतली. छगनच्या कपाळावर घाम आला होता. बारांतला एक हा होता. गणिताला ठाऊक नव्हता, पण गहिनीनाथांच्या डोळ्यांसमोर बसला होता.

त्यांच्या हातातल्या फोनवर चौसष्टाव्याची वेळ झाली होती. शंभर पुरे केले नाहीत तर वरचे लोक कागद बाजूला टाकतील, मग कार्ड गेलंच सुप्याला. मॅडमनी तीनदा बजावलं होतं, शंभर म्हणजे शंभर. गहिनीनाथांनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा त्या बादलीकडे. आणि गेले धावत.

“छगनराव, नंबर सांगा आईचा. बिगी बिगी!”

छगनने बघितलं न बघितलं, घडाघडा नंबर सांगितला. गहिनीनाथांनी लावला. कानात कोरी शांतता. लाग बाबा, लाग, डेन्मार्कवाल्या, एवढा एक लागू दे! आणि घंटी वाजली.

“हालू?” बाईचा आवाज. छगनची बायको, ज्ञानेश्वरी.

“आजीच्या कानाला लावा फोन,” गहिनीनाथ म्हणाले आणि खाली बसून त्यांनी फोन बादलीच्या काठाशी नेला.

पहिली धार पत्र्यावर चर्रकन वाजली. मग दुसरी. गहिनीनाथांनी आयुष्यात पहिल्यांदा धार ऐकली म्हणायची. म्हणजे घरी म्हैस होती, पण ऐकली कुणी होती? आधी पत्रा खणखणत होता, मग तळ झाकला तसा आवाज भरीव झाला, मग फेस आला आणि घुमारा उठला. उकिडवं बसून त्यांच्या पायांना रग लागली, हात अवघडला. हलवला नाही. तिकडे शंभर किलोमीटरवर खाटेवर पडलेली एक आंधळी म्हातारी हा एवढासा आवाज कानात धरून चारी सडं एकेक करून तपासत होती. दोन्हीकडे कुणी बोलत नव्हतं. आत्ता केबिनमधल्या पडद्यावर एक चौकोन करडा पडला असेल, आणि तो करडा चौकोन आपण आहोत, हे मनात आलं तसे गहिनीनाथांचे डोळे भरून आले.

धार संपली. छगनने फोन घेतला. बाजूला उभ्या गहिनीनाथांनाही ऐकू येईल असा म्हातारीचा चिरका, ठाम आवाज आला.

“चारीबी सडं बरी हायती. चौथ्याची धार वाइच वाकडी पडती, पर दूद जाड हाय. शेवटाला हळूहळू बारीक झाली, तुटली न्हाई. तटवल्याली न्हाई. घे तू ही.” मग थोडं थांबून, पडलेल्या सुरात, “पर माज्या कानावर लई भरवसा ठिऊ नगं, छगन. आज लागला. पुढच्या बारीला परत टुंई झालं तर?”

“आये, कितींदा सांगू, त्यो फोन...”

“आरं, ऱ्हाऊ दे. म्हाईत हाय तुजी माया.”

गहिनीनाथांनी हात पुढे केला. छगनने न कळून फोन दिला.

“आजी, रामराम. मी टावरवाला बोलतोय. हा फोन माजाच हाय.” त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. “आजी, तुमचा कान गेला न्हाई. दर शुक्रवारी सा-चाळीसला लाईन मी तोडत हुतो. मला वाटायचं कुनी बोलत न्हाई, मंजी लाईन अडकलीया. बटन दाबायचो आन समद्यांचेच फोन तुटायचे. तुमी ऐकताय, हे मला ठावंच नव्हतं. चुकलं माजं.”

छगन तोंडाचा आ करून बघत राहिला. गहिनीनाथांना वाटलं, आता शिव्या. खुशाल घालू देत.

“मंजी,” म्हातारी अखेरीस म्हणाली, “ती टुंई माजी न्हाई?”

“न्हाई आजी. ती माजी.”

“दोन म्हैने...” तिचा आवाज कापला. “दोन म्हैने मी चुलीपाशी गेले न्हाई, बाबा. म्हनलं, डोळं गेलं, पाय गेलं, आता कानबी गेला, मंग उरलं काय माजं हितं?” नाक ओढल्याचा आवाज. “नाव काय तुजं?”

“गहिनीनाथ.”

“आन नाथाचं नाव घिऊन लोकांच्या लाईनी तोडतूस व्हय रं, मुडद्या?”

छगन खो खो हसत सुटला. गहिनीनाथही हसले, आणि हसता हसताच त्यांनी बाहीने डोळे पुसले. “आता न्हाई तोडनार,” ते म्हणाले.

“ज्ञानेश्वरे,” म्हातारी तिकडे सुनेला सांगत होती, “ऐकलंस का? समद्यांस्नी सांग. टावरवाल्याचा फोन आल्ता.”

सौदा होईपर्यंत सात वाजत आले. बाजारातली धार आटोपली होती, आता फोन लावून काही कळणार नव्हतं. वहीत चौसष्टपासून पुढच्या ओळी कोऱ्याच राहिल्या. गहिनीनाथांनी आहे तसंच लिहून पाठवलं: फोन त्रेसष्ट, अडले आठ. आधी केलेल्या गणिताप्रमाणे शंभरात बारा. सात-आठ महिन्यांत वहीत नोंदवलेला बिघाड हा बिघाड नव्हता, ती माझी चूक होती. खाली सही.

दुपारी मॅडमचा फोन आला. “काका, त्रेसष्टच्या पुढे काय झालं?”

“पुढं फोन म्हशीपाशी हुता, मॅडम.”

“आठ भागिले त्रेसष्ट करून पाहिलंत?”

“न्हाई.”

“शंभराला साडेबाराच्या आसपास पडतात.” त्या म्हणाल्या. “मला अंगावर काटा आला, काका. मी हेच गणित रोज करते, तरी.”

वरच्यांनी कुरकुर केली. त्रेसष्ट म्हणजे शंभर नव्हे, असंही कुणीतरी म्हणालं. मॅडम भांडल्या असाव्यात. त्यांनी कधी सांगितलं नाही. सुप्याला दुसरीकडून कार्ड गेलं आणि घोडेगावचं घोडेगावला राहिलं. गहिनीनाथांना त्या ‘चुकी’बद्दल एक खरमरीत पत्र मात्र आलं. ते त्यांनी केबिनच्या दाराला, तक्त्याच्या खाली, नीट चिकटवून ठेवलं.

मग शुक्रवारमागून शुक्रवार गेले. सहा चाळीस वाजले की गहिनीनाथ हात मांडीवर ठेवून नुसते पडद्याकडे बघत बसत. बारा-तेरा चौकोन करडे. त्यांतला साळूबाईंचा कुठला, हे कळायची सोय नव्हती. सगळेच त्यांना तिचे वाटत.

माघातल्या एका शुक्रवारी ते असेच दावणीकडे चक्कर मारायला उतरले. छगन नेहमीच्या जागी उकिडवा बसला होता, फोन बादलीशी. डोक्यावर नवी पांढरी टोपी. टोपीखाली, कानांमागे, वस्तरा फिरवलेलं डोकं थंडीत निळसर दिसत होतं.

गहिनीनाथ काही बोलले नाहीत. धार चालू होती, बोलायचं नसतंच. ते शेजारी उभे राहिले. आठ मिनिटांनी धार संपली, छगनने फोन कानाला लावला. पलीकडे ज्ञानेश्वरीचा आवाज होता, दबका, चाचरत: तिसरं सड बारीक वाटतंय, पर धनी, मला अजून तेवढं...

“बरुबर हाय तुजं,” छगन म्हणाला. “मलाबी तसंच वाटलं.” फोन खिशात ठेवून तो गहिनीनाथांना म्हणाला, “इतकी वर्सं आईच्या कानाला फोन धरायला तीच बसायची.” मग टोपी सारखी करत पुढच्या म्हशीकडे निघून गेला.

गहिनीनाथ केबिनमध्ये परतले. मुक्ताबाईंना सांगावंसं वाटलं, आत्ताच्या आत्ता, की साळूबाई गेल्या. त्यांनी घरचा नंबर लावला.

टुक टुक टुक. नेटवर्क बिझी.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. तीसच्या तीस चौकोन भरलेले, एकही पांढरा नाही. शंभरात एक अडायचा, तो आज तेच होते. गहिनीनाथांनी फोन हळूच टेबलावर पालथा ठेवला, आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिले.